खसखशीचा डबा

माझं पहिलं काम सूत धरायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पत्र्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मधल्या दोऱ्याला निळीची भुकटी चोळलेली. "ताण," असं ते म्हणाले की मी दोऱ्याचे बोटाला दोन वेढे देऊन तो पत्र्यावर दाबून धरायची. अण्णा हात पोचेल तिथं चिमटीनं दोरा उचलायचे आणि सोडून द्यायचे. टच्च आवाज व्हायचा आणि पांढऱ्या पत्र्यावर बारीक निळी रेघ उमटायची. ती शिरोरेषेची. तिच्या खाली दुसरी, अक्षरांच्या पायाची. एवढं झालं की अण्णा मागं सरकून त्या दोन रेघांकडं बराच वेळ बघत राहायचे. मला वाटायचं, अजून एक अक्षर काढलेलं नाही, तर हे बघतात काय?

ते रेघांच्या वरची आणि खालची जागा बघत असत. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं आणि आपलं अक्षर रेघेला टांगलेलं असतं, हे त्यांनी मला अगदी सुरुवातीला सांगितलं. रेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यायचे. पायाखाली उकार, ऋकार आणि पाय मोडलेली अक्षरं. दोन फूट उंचीच्या बोर्डात खुद्द अक्षराच्या वाट्याला जेमतेम एक फूट येतो. "डोक्यावर छत्रीएवढी जागा ठेव, पायाखाली चपलेएवढी," हे त्यांचं माप. पट्टीनं मोजलं तर वरची जागा अक्षराच्या उंचीच्या निम्मी आणि खालची तिसरा हिस्सा भरायची. आज मी संगणकावर अक्षरं बेतते, तेव्हाही माझी मापं याच्या फार पलीकडं जात नाहीत.

अण्णा बोर्ड पेंटर होते, कोल्हापूरचे. आमच्या गावात 'पेंटर' हा शब्द आडनावासारखा लागतो. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता लोकांच्या तोंडी पेंटर झाले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी घरच्या घरी मूव्ही कॅमेरा जुळवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतःच रंगवली. त्यामुळं कोल्हापुरात कुणाला पेंटर म्हटलं की त्यात थोडा मान येतो, आणि ज्याला म्हटलं त्याच्यावर थोडी जबाबदारीही येते. अण्णा ती जबाबदारी मानायचे. किराणा दुकानाचा साधा बोर्ड असला तरी पत्र्याला आधी रेड ऑक्साईडचा हात, त्यावर पांढऱ्याचे दोन, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर पॉलिश पेपर. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "दुकान तुमचं हाय, पण बोर्ड रस्त्याचा हाय. रस्त्याला उशीर चालतो."

१९६४ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते मंगळवार पेठेतल्या एका वस्तादांकडं लागले. कुस्तीतला वस्ताद तसाच रंगातला वस्ताद. पहिलं वर्ष नुसतं ब्रश धुण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी वस्तादांनी रंगवलेल्या शब्दावर अनुस्वार द्यायला मिळाला. टिंब गोल यायला तीन महिने लागले, असं अण्णा सांगायचे, आणि सांगताना हवेत बोट टेकवून एक टिंब द्यायचे. बोरूला काप कसा द्यायचा तेही तिथंच शिकले. इंग्रजीसाठी बोरू ज्या बाजूला तिरपा कापतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीसाठी कापावा लागतो. म्हणून आपल्या अक्षरातली जाड रेघ आणि बारीक रेघ इंग्रजीच्या उलट ठिकाणी येते. हे एकदा हाताला कळलं की सपाट ब्रशही त्याच तिरक्यानं चालतो.

संध्याकाळी ब्रश धुणं हा घरातला नेम होता. आधी रॉकेल, मग साबण, मग खोबरेलाचं एक बोट लावून केस चिमटीनं सरळ करायचे. आई पहाटे एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायची, त्यामुळं शाळेला जाताना माझी वेणी अण्णाच घालायचे, त्याच खोबरेलाच्या बाटलीतलं तेल लावून. तीन पेड अगदी सारखे. एखादा जाड वाटला की सगळी वेणी सोडून पुन्हा घालायचे. मी शाळेला उशीर होतोय म्हणून रडकुंडीला यायची. माझ्या वर्गात बाकीच्या मुलींच्या वेण्या त्यांच्या आयांनी घातलेल्या असायच्या, आणि बाई मलाच विचारायच्या, "तुझी वेणी कोण घालतं गं?"

बोर्डाचा दर चौरस फुटावर असायचा आणि भिंतीचा अक्षरावर. काना, मात्रा, वेलांटी यांचे पैसे अण्णांनी कधी धरले नाहीत. "ती अक्षराची लेकरं. कडेवरच्या लेकराचं तिकीट काढतंय व्हय कोण?" असं म्हणायचे. जूनमध्ये माझ्या वह्यांना कव्हरं घातली की त्यांच्यावरची नावं तेच घालायचे, दर वर्षी वेगळ्या वळणाची. पाचवीत मी हट्ट धरला की या वर्षी मी घालणार. त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि बाजूला बसून राहिले. पहिल्या वहीवरचं नाव वाकडं आलं. मला वाटलं ते कव्हर काढून टाकतील. त्यांनी वही वाळायला ठेवली आणि म्हणाले, "आता पुढच्या वहीवर काना जरा जवळ घे." अकराव्या वहीवरचं नाव बरं आलं. पहिली वही मी वर्षभर तशीच वापरली.

आता आईची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण अण्णांचं अक्षर खऱ्या अर्थानं आईपासून सुरू झालं. आई शाळेत गेली नव्हती. रेशनच्या दुकानात अंगठा उठवायची. एसटी कुठली हे कंडक्टरला विचारून घ्यायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वेगळं वाटत नव्हतं. अण्णांनाही नाही. दिवसभर गावासाठी अक्षरं काढणाऱ्या माणसाच्या घरात एक माणूस अक्षराबाहेर होतं, आणि ते आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो.

राष्ट्रीय साक्षरता अभियान १९८८ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या घोषणा भिंतीभिंतींवर आल्या. १९९१ च्या हिवाळ्यात अण्णांना अशा काही भिंतींचं काम मिळालं. मी बारा वर्षांची होते. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर होते. एका शाळेच्या कुंपणावर त्यांनी फूटभर उंचीची निळी अक्षरं काढली, शिकून घ्या असं सांगणारी. शिरोरेषा शेवटी ओढली, एका दमात, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्यात आई खानावळीतून परत जाताना तिथं आली, पदराखाली आमच्यासाठी भाकरी. अण्णा शिडीवरूनच म्हणाले, "कसं झालंय?"

आईनं भिंतीकडं नीट बघितलं. "निळा रंग लई छान दिसतोय."

"अगं, रंग न्हवं. काय लिवलंय ते बघ की."

आई काही बोलली नाही. भाकरीचं फडकं तिनं माझ्या हातात दिलं आणि "मी जातो घराकडं," असं म्हणून गेली. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही 'मी जातो' म्हणतात. अण्णा शिडीवर तसेच थांबले. त्या दिवशी त्यांनी ब्रश इतका वेळ धुतला की रॉकेल पांढरं स्वच्छ राहिलं तरी ते धूतच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी स्वयंपाकघराच्या फळीवरचे पाच डबे खाली काढले, जुने डालड्याचे आणि बिस्किटांचे. त्यांना बाहेरून पांढरा रंग दिला. दोन दिवसांनी त्यांच्यावर निळ्या रंगात नावं घातली: मीठ, गूळ, रवा, तीळ, मध. जोडाक्षर एकही नाही. अक्षरं बोर्डावरच्यासारखी ठसठशीत, दुरून दिसणारी. आईला त्यांनी एवढंच सांगितलं, "उघडायच्या आधी नाव बघायचं. उघडल्यावर कळतंयच बरोबर का चूक."

मी पुढं अक्षरकलेवरची बरीच पुस्तकं वाचली, पण शिकवण्याची याहून सरळ रीत मला कुठं सापडली नाही. डब्यात काय आहे हे आईच्या हाताला आधीच माहीत होतं. अक्षर चुकलं तर झाकण उघडल्यावर वासच सांगायचा. तिला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नव्हतं, कुणी हसण्याची भीती नव्हती. महिन्याभरात फळीवरचे सगळे डबे पांढरे झाले. हळद, डाळ, मग जिरे, मोहरी, आणि शेवटी खसखस.

त्या डब्यापाशी आई अडली. बोट ठेवून तिनं एकेक अक्षर लावलं. "र... व... स... र... व... स." झाकण उघडलं, आत बघितलं आणि अण्णांना हाक मारली. "अहो, ही तर खसखस हाय. तुम्ही रवसरवस का लिवलाय?"

मी हसले. अण्णा हसले नाहीत. डबा घेऊन ते दारात उजेडाला गेले. वस्तादांनी शिकवलेला त्यांचा ख सुटा होता, शेजारी शेजारी र आणि व. सत्तावीस वर्षं ते तसाच काढत आले होते. कोल्हापुरातल्या कितीतरी खानावळींच्या पाट्यांवर, खतांच्या दुकानांवर, खडीच्या क्रशरवर तो ख होता. ज्याला वाचता येतं त्याला तो खच दिसायचा, कारण तो शब्द ओळखून पुढं जायचा. आई शब्द ओळखत नव्हती, पुढ्यात काढलेलं होतं तेच ती वाचत होती, आणि पुढ्यात खरोखरच र आणि व होते. अण्णांनी टर्पेंटाईनच्या बोळ्यानं दोन्ही ख पुसले आणि पुन्हा काढले, र ची शेपटी खालून फिरवून व च्या पायाला जोडली. जोडलेला ख काही त्यांचा शोध नव्हता, छापखान्यात तो होताच. पण त्यांच्या हातात तो त्या दिवशी आला. डब्यावर नव्या निळ्याखाली जुन्या शेपटीची पुसट खूण अजून आहे.

तिथून पुढं अण्णांचं अक्षर बदलत गेलं. आईला ते रविवारी संध्याकाळी फिरायला न्यायचे, शिवाजी पेठेतून गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड. जाताना स्वतःच्या बोर्डांसमोर थांबायचे, रस्त्याच्या पलीकडं उभं राहून. आई वाचायची. जिथं ती अडायची ते अक्षर अण्णा खिशातल्या वहीत लिहायचे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी नाव घातलं होतं, 'अडलेली अक्षरं'. तारीख, कुठला बोर्ड, काय वाचलं.

'भाजी-भाकरी' या पाटीवर आईनं 'माजी-माकरी' वाचलं. भ आणि म यांत फरक डोक्यावरच्या बारीकशा खंडाचा असतो; भ च्या डाव्या टोकाला शिरोरेषा तुटलेली पाहिजे. तसंच ध आणि घ यांचं. ध चं डोकं रेघेला चिकटलं की त्याचा घ होतो, आणि आईनं 'धान्य' या शब्दाचं 'घान्य' केलं. इथं अण्णांना आपली एक मोठी शान सोडावी लागली. शिरोरेषा एका दमात ओढणारा पेंटर अशी त्यांची ख्याती होती. मोडीत आधी पानभर रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगतात. बाळबोधीत शब्द लिहून होतो आणि मग रेघ. ही शेवटची रेघ ब्रश न उचलता काढायची, तिच्या दोन्ही कडा सुताला लागून गेल्या पाहिजेत, आणि ते बघायला लोक थांबायचे. आता ध आणि भ आला की अण्णा ब्रश उचलायला लागले. रेघ तुटायची, दम तुटायचा, बघणारे म्हणायचे वय झालं. ते चाळिशीत होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

सगळ्यात अवघड शब्द निघाला 'गणेश'. कोल्हापुरात दर दोन दुकानांमागं एक गणेश, आणि आई प्रत्येक वेळी तिथं थबकायची. अण्णांना कोडं पडलं. एकदा त्यांनी शब्द कागदावर काढून आमच्यासमोर ठेवला आणि अक्षरांचे तुकडे मोजले. ग, ण आणि श, तिन्ही अक्षरांचा काना अंगापासून सुटा असतो. तीन अक्षरं, सहा तुकडे. बोर्ड लांब असला की पेंटर शब्द भरून दिसावा म्हणून अक्षरं पसरतो, आणि त्या नादात अक्षराच्या आतली फट आणि दोन अक्षरांमधली फट सारखी होऊन बसते. मग कुठला काना कुणाचा हे नव्या वाचणाऱ्याला कळत नाही. "घरातली माणसं शेजाऱ्यापेक्षा जवळ बसली पाहिजेत," असं त्यांनी वहीत लिहिलं. अक्षरांमधलं अंतर या विषयावर मी आजही नव्या मुलांना शिकवते तेव्हा या वाक्यापासून सुरू करते, आणि 'गणेश' लिहायला लावते.

आई दोन वर्षांत वाचायला लागली, पण भरभर कधीच नाही. ती आजही एकेक अक्षर लावून वाचते. अण्णांना तेच हवं होतं. त्यांच्या दृष्टीनं बोर्ड वाळला की होत नसे, आईनं तो रस्त्यापलीकडून न थबकता वाचला की व्हायचा. ज्या दुकानाची पाटी मुद्दाम तिला दाखवायला नेता यायची नाही, तिचा शब्द ते घरी पाटीवर आधी काढून दाखवायचे. देखणं अक्षर त्यांना आवडायचंच. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं वर्तमानपत्रातून कापून त्यांनी दोन जाड वह्या भरल्या होत्या, आणि त्यातलं एखादं वळण बघत ते तासभर बसायचे. पण एखादा बोर्ड चांगला झाला का, हे मी विचारलं तर त्यांचं उत्तर एकच असायचं: "देखणा झालाय. अडतंय का ते तुझी आई सांगंल."

मग फ्लेक्स आला. २००३ च्या सुमारास बघता बघता दुकानांचे पत्रे उतरले आणि प्रिंट केलेलं कापड चढलं. आठ दिवसांचं काम दोन तासांत, निम्म्या पैशांत, वर मालकाचा फोटो. अण्णांचं काम महिन्याला दोन-तीन बोर्डांवर आलं. मला त्यांच्या वतीनं राग यायचा. ते मात्र एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जाऊन बसायला लागले. तिथला ऑपरेटर विशीतला पोरगा. जागेत बसवायला तो अक्षर आडवं ताणायचा, मग काने जाड व्हायचे आणि शिरोरेषा बारीक राहायची. 'दुसऱ्या मजल्यावर' असं लिहायचं तर संगणक 'दुसर्या' करून ठेवायचा, य च्या डोक्यावर रफार. अण्णा शेजारी बसून सांगायचे, "बाळा, ताणू नको, लहान कर. आणि ह्या र ला डोक्यावर चढवू नको, तो आडवा झोपतो इथं." मराठी वाचणाऱ्याला 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक त्या आडव्या र वरूनच कळतो. त्या पोरानं ते मशीनवर कसं आणायचं हे शोधून काढलं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना चहा पाजला. माझा राग तिथंच संपला.

तोवर मी चित्रकलेचं शिक्षण घेऊन पुण्यात आले होते आणि पडद्यावरच्या अक्षरांचं काम करत होते. विंडोजबरोबर आलेला र. कृ. जोशी यांचा 'मंगल' हा फाँट तेव्हा सगळीकडं होता. छोट्या आकारात देवनागरी पडद्यावर वाचता येणं ही तेव्हाची मोठी अडचण; सात-आठ ठिपक्यांच्या उंचीत ध चं डोकं मोकळं कसं ठेवायचं, श चा काना कुठं ठेवायचा, हे आम्ही दिवसदिवस बघायचो. एकदा मी अण्णांना फोनवर सांगितलं की आमची कुठली अक्षरं घोटाळतात. त्यांनी ऐकून घेतलं. आठवड्यानं पोस्टानं जाड पाकीट आलं. आत 'अडलेली अक्षरं' ही वही होती, आणि एक चिठ्ठी: आमची बी हीच अडली होती.

२००९ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं मराठीच्या वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी प्रमाण ठरला. अण्णांनी ती बातमी कापून मला वाचून दाखवली. त्यांचा ल आणि श पहिल्यापासून तसाच होता. "वस्ताद असते तर पेढे वाटले असते," एवढंच म्हणाले.

२०१८ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्यांच्या उशाशी माझी शाळेतली जुनी पाटी ठेवली. ते डाव्या हातानं लिहायला लागले. चौपन्न वर्षं रेघेला रेघ लावणाऱ्या माणसाचं ते अक्षर मला बघवत नसे. काने कोसळलेले, मात्रा भलत्याच अक्षरावर, शिरोरेषेचा पत्ता नाही. मी पाटी बघायची आणि अंदाज बांधायची. "पाणी पाहिजे? पांघरूण घालू?" ते डोळे मिटायचे, म्हणजे नाही. मी पुन्हा अंदाज करायची. अक्षरं वाचणं हा माझा धंदा होता, आणि मला माझ्या बापाचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं.

एके दुपारी आईनं माझ्या हातातून पाटी घेतली. चष्मा लावला. पहिल्या आकारावर बोट ठेवलं आणि थांबली. मग दुसऱ्यावर. तिला घाई नव्हती, तिला कधीच नसायची. "ह्याची शेपटी खालून जोडलीय," ती म्हणाली. "म्हंजे ख. ह्याच्या आधी वेलांटी... खि. मग ड. हा क, वेलांटी मागनं." तिनं मान वर केली. "खिडकी उघडायला सांगतायत."

मी खिडकी उघडली. अण्णांनी डोळे उघडे ठेवले.

त्या दिवशी मला कळलं की मी वाचत नव्हतेच, ओळखत होते. ज्याला भरभर वाचता येतं तो शब्दाची आकृती बघतो आणि उरलेलं मनानं भरतो. अण्णांच्या पाटीवर आकृती उरलीच नव्हती, फक्त अक्षरं होती, मोडकी, पण एकेक खरं. ती लावायला एकेक अक्षराशी थांबणारं माणूस पाहिजे होतं. अण्णांनी सत्तावीस वर्षं जिच्यासाठी आपलं अक्षर सोपं केलं, तीच आता त्यांच्या अवघड अक्षराजवळ थांबत होती. उरलेले पाच महिने त्यांचं म्हणणं आईनंच आम्हाला वाचून दाखवलं. डाव्या हातानं, जेमतेम उमटणाऱ्या पेन्सिलीनं लिहितानाही त्यांनी ख ची शेपटी एकदाही सुटी ठेवली नाही.

२०१९ च्या जानेवारीत अण्णा गेले. मी पुण्याचं काम घरून करता येईल तेवढंच ठेवून कोल्हापूरला परत आले. खंडेनवमीला त्यांचे ब्रश पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते आणि दुसऱ्या दिवशी कामाला घेते. खारीच्या केसांचे दोन ब्रश अजून चांगले आहेत. बोर्ड रंगवायचं काम फार नसतं, पण असतं. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत आणि दुसऱ्या कुठल्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असाव्यात असा बदल राज्याच्या कायद्यात २०२२ मध्ये झाला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्याची चर्चा आमच्याकडंही झाली. बहुतेकांनी ॲक्रिलिकची आणि एलईडीची अक्षरं लावून घेतली. कायद्यानं अक्षराचा आकार सांगितला. ते वाचता यावं ही काळजी लिहिणाऱ्यावर सोडली. पण त्या दिवाळीत एका भांड्यांच्या दुकानदारानं मला बोलावलं. त्याच्या वडिलांच्या वेळचा पत्रा होता, अण्णांच्या हातचा, गंजून गेलेला. त्याला तसाच पुन्हा रंगवून पाहिजे होता.

सूत धरायला शेजारची मुलगी आली होती. निळीची भुकटी चोळली, दोरा ताणला, सोडला. दोन दिवसांत अक्षरं झाली. त्यात 'गणेश' होताच. शिरोरेषा ओढली, ब्रश जिथं उचलायचा तिथं उचलला, आणि खाली उतरून आईला घेऊन आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला दूरचं बरं दिसतं. तिला रस्त्याच्या पलीकडं उभं केलं. मध्ये दोन रिक्षा गेल्या. आई तोंडातल्या तोंडात एकेक अक्षर लावत होती. मधेच थांबली.

"ण चा काना लांब गेलाय," ती म्हणाली.

मी बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि शिडी चढले.